आधी म्हशीला सांगा

संध्याकाळी आमच्या गावात आलात आणि एखाद्या गोठ्यातून सातचा पाढा ऐकू आला, तर घाबरू नका. म्हैस फक्त ऐकत असते. पाढा म्हणणारं लेकरू तिच्या पलीकडं उभं असतं. हा सगळा वाघमारे गुरुजींचा प्रताप.

परंड्याजवळच्या आमच्या शाळेला दोन खोल्या आणि दोनच शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी गुरुजींकडं. गुरुजी निवृत्तीला टेकलेत, पण वहीत लिहायचा गृहपाठ कधीच देत नाहीत. "आज काय शिकला ते आधी म्हशीला सांगा. तिच्याफुडं सांगता आलं की आलं." म्हैस नसेल तर बैल चालतो, शेळी चालते. कोंबडी मात्र चालत नाही. "कोंबडीचं ध्यान नसतं," हे गुरुजींचं अनुभवाचं मत.

त्यामुळं गावातली जनावरं बहुश्रुत झालीत. एका खिलार बैलाला परंड्याच्या किल्ल्याचे सगळे बुरूज ठाऊक आहेत. एका गाईनं इतकं इंग्रजी ऐकलंय की तिच्यापुढं बोलताना मलाच चाचरायला होतं. अपूर्णांक मात्र एकाही जनावराला आवडले नाहीत, आणि यात मी जनावरांच्या बाजूची आहे.

एकदा दत्तूभाऊ तक्रार घेऊन आले. "गुरुजी, पोरगी मामाच्या गावाला गेलीया अन् म्हस पान्हा सोडंना. पाढा ऐकल्याबिगर धार काढूच देईना."

"मग तुमी म्हणा की."

"म्हणलो. बेचाळीसच्या फुडं येत न्हाय."

"मग बसा तिसरीत."

दत्तूभाऊ खरंच शेवटच्या रांगेत मांडी घालून बसले आणि पाढा पुरा करूनच उठले. त्या दिवशी म्हशीनं दूध दिलं म्हणे.

मी एकदा गुरुजींना विचारलं, "म्हशीलाच का? आईला सांगितलं तर काय बिघडतं?"

"आई हसती, बाई. कौतुकानं हसती, पण हसती. म्हैस हसत न्हाय." एवढं बोलून ते फळा पुसायला गेले. मी ते थट्टेवारी नेलं.

गुरुजींचं आणखी एक कोडं होतं. वर्गात त्यांचा आवाज खणखणीत, पार पिठाच्या गिरणीपर्यंत जाणारा. पण चार मोठी माणसं जमली की त्यांचा घसा बसायचा. झेंडावंदनाचं भाषण माझ्या गळ्यात, बैठकीतलं बोलणं माझ्या गळ्यात. मी मनातून चरफडायचे. माणसानं कामचुकार असावं, पण इतकं नेमानं नसावं!

यंदा चौथीत शमीम होती. बोलताना अडखळायची, म्हणून तिनं शाळेत बोलणंच सोडलेलं. आमची शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला एसटीनं परंड्याला जावं लागतं. तिची आई, रेश्माभाभी, मला म्हणाली, "कशी धाडू बाई? कंडक्टरनं कुठं जायचं इचारलं तरी हिला सांगता येईना. त्यापरीस घरीच राहू द्या."

हे ऐकल्यापासून गुरुजींचं जेवणात लक्ष नव्हतं. एके दिवशी ते भलत्याच खुशीत आले. ओढ्याकाठच्या बाभळीखाली शमीम आपल्या शेळीला जलचक्र समजावून सांगत होती, आणि गुरुजींनी बांधाआड उभं राहून सगळा पाठ ऐकला होता. "अडखळती, पण सोडत न्हाय! लई ग्वाड सांगती ओ!"

मग पालक मेळाव्याला गुरुजींनी शेळीलाच बोलावलं. चांदणी नावाची पांढरी शेळी थेट पाहुण्यांच्या समोर उभी. पाहुणे म्हणून आलेले शिक्षण खात्याचे साहेब मोठ्यानं म्हणाले, "गाढवापुढं वाचली गीता!" मंडप हसला. गुरुजींचा चेहरा पडला.

शमीम लोकांकडं पाठ करून चांदणीसमोर बसली. "चांदणी, प... प... प..." तेवढ्यात चांदणीनं मान लांबवली आणि साहेबांसाठी ठेवलेला झेंडूचा हार तोंडात धरला. पुन्हा एकच हशा. गुरुजी घाईनं पुढं निघाले. पण शमीमनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. हार ओढून घेत ती शेळीला म्हणाली, "आधी ऐक."

आणि सांगायला लागली. पाणी संपत नाही, त्याची वाफ होते, वर जाऊन ढग होतो, ढगातून ते परत येतं. चार ठिकाणी अडली, पण शेवटपर्यंत गेली. रेश्माभाभी ओढणीनं डोळे पुसत माझ्याजवळ आली. "बाई, एसटीचा पास कुठं काढायचा ओ?"

आनंदाच्या भरात सरपंचांनी माईक गुरुजींच्या हातात कोंबला. "आज तुमीच बोलायचं!" घसा बसल्याचं सांगायला मी उठणार, तोवर गुरुजींचं तोंड उघडलं होतं.

"मा... मा... मा..."

'माननीय' काही बाहेर येईना. मागून कुणीतरी फिसकन हसलं. घशाचं ते कोडं एका क्षणात सुटलं होतं.

शमीम उठली, शेळीचं दावं ओढत गुरुजींसमोर आली. "गु... गुरुजी, चांदणीला सांगा. ती हसत न्हाय."

गुरुजी उकिडवे बसले. चांदणीकडं बघत हळूहळू बोलू लागले. "चांदणीबाई, म्या चौथीत वाचायला उभा राहिलो, तवा सगळा वर्ग हसला. मग म्या आमच्या म्हशीला वाचून दाखवायचो. तिनं मला मास्तर केलं." तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "आज म... मला लई बरं वाटलं."

मंडपात कुणी हसलं नाही. साहेबांनी आपणहून हार चांदणीपुढं सरकवला, आणि तो खात खात तिनं गुरुजींचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं.