काट्याखालचं चाक

वजन उतरवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतले, त्या दिवशी अख्ख्या ऑफिससमोर मी हे ठणकावून सांगितलं. बोलायला काय जातं? मी लिफ्ट दुरुस्त करते. माणसांनी गच्च भरलेली पेटी बाराव्या मजल्यावरून अलगद खाली आणणारी बाई मी. तिला स्वतःचे काही किलो खाली आणायला कितीसा वेळ लागणार?

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"चौकातल्या जुन्या इमारतीची मशीन-खोली आठवते ना?"

आठवते म्हणजे काय! लिफ्टची मोटार त्या खोलीत असते. खोली गच्चीच्याही वर, आणि तिथे जायला भिंतीला ठोकलेली उभी शिडी. शिडीच्या डोक्यावर छतात एक चौकोनी भोक. पूर्वी त्या भोकातून मी मांजरीसारखी सुळकन वर जायचे.

"त्यातून न अडकता जाशील अशी खात्री झाली की सांग," साहेब म्हणाले. "तोवर फोनवर बस."

फोनवर बसणं म्हणजे लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांच्या शिव्या खाणं. हातात पाना नाही, अंगाला ग्रीस नाही, नुसतं "होय सर, माणूस निघालाय सर!" आणि तो माणूस मी नाही! दोनच दिवसांत मला रडू फुटायची वेळ आली. काहीही झालं तरी वर जायचंच, असं ठरवून मी बाजारातून वजनकाटा आणला.

काटा साधा. वर उभं राहायचं, खाली काचेत सुई फिरते. सुई जागेवर आणायला खालच्या बाजूला एक छोटं चाक. दर शनिवारी सकाळी वजन करायचं ठरलं. आधी मी एकटी, मग आमच्या चिमणीला कडेवर घेऊन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की मुलीचंही वजन कळतं. एका दगडात दोन पक्षी!

पहिल्या शनिवारी सुई जिथे होती, दुसऱ्या शनिवारीही तिथेच. मी रोज चालले, जिने चढले (लिफ्टवाल्या बाईने जिने चढावेत, यासारखी नाचक्की नाही!), गोड बंद केलं. तिसऱ्या शनिवारी सुई तिथेच. जणू कुणी खिळा ठोकलाय!

"अगं, उतरेल हळूहळू," नवरा म्हणाला. हा शाळेत चित्रकला शिकवतो. वाकड्यातल्या वाकड्या चित्रालाही 'छान प्रयत्न' म्हणायची सवय.

"नाही उतरलं तर नाही," सासूबाई म्हणाल्या. "फोनचं काम काय वाईट आहे? पंखा आहे, खुर्ची आहे."

मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात रडणं ऐकू जात नाही, हा माझा समज. पुढे कळलं, अख्ख्या घराला ऐकू जात होतं.

मग सासूबाई चार दिवस लेकीकडे राहायला गेल्या आणि चमत्कार झाला. शनिवारी काट्यावर उभी राहिले तर सुई धाडकन मागे! मी ओरडले, चिमणी दचकून रडायला लागली, नवरा टाळ्या वाजवायला लागला. काट्यावरूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, जमलं! आता चौकातल्या इमारतीचं काम मलाच द्या."

"बरं," साहेब म्हणाले. "पुढच्या सोमवारी ये. मीही असेन."

ऑफिसात मी एकदम तज्ज्ञ झाले. हिशेबनीस बाईंना चावून खायला सांगितलं, वॉचमनला उभ्याने पाणी न प्यायला सांगितलं. दोघांनीही मान डोलावली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. मी तर सोमवारसाठी कमरेला बांधायचा पट्टा आठ दिवस आधीच पुसून ठेवला!

दरम्यान सासूबाई परत आल्या आणि सोमवारच्या आधीचा शनिवार उजाडला. मी एकटी काट्यावर चढले. सुई आणखी मागे! आनंदाने चिमणीला आणायला आतल्या खोलीत गेले. तिचे कपडे बदलले, तिला घेऊन परत काट्यावर चढले, वजाबाकी केली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

चिमणी पंधरा किलो!

मागच्या शनिवारी सात होती. एका आठवड्यात दुपटीहून जास्त! मी मुलीकडे पाहिलं. मुलगी तीच, गाल तेच, कालचंच झबलं तिला बेताने बसत होतं. कुणाही शहाण्या बाईने डोळ्यांवर विश्वास ठेवला असता. पण आमच्या धंद्यात डोळ्यांना किंमत नाही, मीटर काय म्हणतो ते खरं!

"सूज आहे!" मी किंचाळले. "अंगात पाणी झालंय! डॉक्टरकडे चला!"

नवरा पांढराफटक पडला. "अगं, पण काटा कदाचित..."

"काट्याचं काय घेऊन बसलास? पोरीचं बघ!"

"सूनबाई, ऐकून तर घे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आत्ता नाही!"

टॅक्सीत दोघं मायलेक आळीपाळीने तोंड उघडत होते आणि मी आळीपाळीने बंद करत होते. एका हातात चिमणी, दुसऱ्या काखेत काटा. बिघाड दाखवायचा तर यंत्र बरोबर न्यावं, ही आमची शिस्त! चिमणी मात्र मजेत होती. तिला टॅक्सी आवडते.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी चिमणीला आपल्या काट्यावर ठेवलं, पोट दाबलं, पाय दाबले, घशात पाहिलं. चिमणीने त्यांचा चष्मा ओढला.

"सात किलो आणि थोडं वर. ठणठणीत आहे."

मी खुर्चीत बसले आणि भोकाड पसरलं. पोरगी बरी आहे! एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. त्या क्षणी मला कुणी जन्मभर फोनवर बसवलं असतं तरी मी हसत बसले असते.

"काखेत काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी काटा जमिनीवर ठेवला. त्यांनी वाकून पाहिलं.

"यावर कुणीही उभं नाही. तरी हा पाच किलो दाखवतोय. हे वजन कुणाचं?"

मी, जी दुसऱ्याच्या यंत्राला हात लावण्याआधी ते शून्यावर आहे का बघते, ती इतके शनिवार या काट्यावर सरळ उडी मारत होते! दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"मी चाक फक्त थोडं मागे करायचो," नवरा पुटपुटला. "शनिवारी पहाटे. तू नळ सोडून रडायचीस, ते बघवायचं नाही. आज जरा जास्तच मागे केलं."

"तू मागे करायचास?" सासूबाई कडाडल्या. "तरीच! मी शुक्रवारी पुढे करून ठेवायचे, ते जातं कुठे!"

"आई! तू पुढे करायचीस?"

"करायचे! कालही केलं होतं. आज सकाळी बघते तर सूनबाई सुईकडे बघून नाचतेय. ती आत गेली, तसं दिलं चाक चांगलं फिरवून!"

"तरी म्हटलं सुई हलत का नाही!" मी ओरडले. "आई, पण का?"

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "वजन उतरलं नाही तर तू खालीच राहशील. तू लिफ्टच्या त्या अंधाऱ्या विहिरीवर लोंबकळतेस आणि घरी लेकरू वाट बघतंय, हे मनात आलं की मला घास जात नाही. खोटं केलं खरं. पण भीती खोटी नव्हती."

माझा राग अर्ध्यावरच अडकला. मी त्यांना सांगितलं, की मला पट्टा असतो आणि पट्ट्याला दोर असतो. त्या म्हणाल्या, तो पट्टा मला एकदा ओढून बघायचाय. मी म्हटलं, घरी गेल्यावर खुशाल ओढा.

"आता आलाच आहात, तर तुम्हीही उभ्या राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला मोठ्या काट्यावर ढकललं. चिमणीच्या मागच्या तपासणीला त्यांनी माझंही वजन घेतलं होतं. त्याहून मी तीन किलोंनी कमी भरले!

नवऱ्याच्या चाकाएवढं नाही, सासूबाईंच्या चाकाएवढंही नाही. पण खरं! माझ्या चालण्याचं, माझ्या जिन्यांचं!

"हळू उतरतंय म्हणून हिरमुसू नका," त्या म्हणाल्या. "चढायला नऊ महिने लागले. उतरायला जिनाच आहे, तुमची लिफ्ट नाही."

सोमवारी चौकातल्या इमारतीत साहेब शिडीखाली उभे होते. मी पट्टा आवळला. त्याआधी सासूबाईंनी तो इतका ओढला होता, की मीच त्यांच्या अंगावर जाऊन पडले होते. तीन किलो पुरतील? वर पोचले, श्वास रोखला, डोळे मिटले आणि खांदे भोकात घातले.

सर्रकन! कुठे घासलं नाही, कुठे अडलं नाही! मी मोटारीशेजारी बसून ग्रीसचा वास छातीभर घेतला. डोळे भरून आले.

"साहेब! गेले! हवेसारखी गेले! दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली!"

खाली साहेबांनी घसा खाकरला.

"ते... भोक आम्ही मोठं करून घेतलंय."

"कधी?"

"तू रजेवर होतीस तेव्हा."

"मग मला अट कशाला घातलीत? फोनवर कशाला बसवलंत?"

"मोठं केलंय म्हटलं असतं, तर का केलं ते विचारलं असतंस," साहेब खालून म्हणाले. "तुझ्या जागी मी वर गेलो होतो. आग विझवणाऱ्यांनी काढलं मला."