ताज्या हिरव्या पानांचा सत्कार

लातूर-नांदेडच्या मधे नवा जिल्हा झाला, तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं फक्त दुष्काळच होता. नाव अजून ठरायचं होतं. तरी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेमागे किनवटच्या जंगलातून आणलेल्या एका औषधी वनस्पतीची काही झुडपं तग धरून होती. तिच्या पानांतला एक घटक काचेच्या बशीतल्या जठराच्या कर्करोगाच्या पेशी वाढू देत नाही, असं तिथल्या प्राध्यापिका डॉ. गौसिया शेख यांना दिसलं होतं. दुसऱ्या चाचणीला हीच पानं हवी होती. जंगलातली मात्र गुरांनी केव्हाच संपवली होती.

बाईंनी टँकरमधून दोन घागरी मागितल्या. जिल्हा कार्यालयाने कळवलं, पाणी माणसं व जनावरांसाठी मंजूर आहे. झुडपं यांपैकी कशात मोडतात याचा खुलासा करावा. बाईंनी खुलासा न करता आपल्या आंघोळीचं पाणी झुडपांना घातलं आणि स्वतः ओल्या फडक्यावर भागवलं.

पुढे वर्तमानपत्रात बातमी आली. जिल्ह्यात संशोधन चालू असल्याचं कार्यालयाला तिथून समजलं आणि मंत्र्यांच्या हस्ते बाईंचा सत्कार ठरला. धूळ उडू नये म्हणून मंडपात अख्खा टँकर शिंपला.

मंडपात शिरताच बाईंना ओळखीचा कडवट वास आला. कमानीला पानं, हारात पानं, मंत्र्यांच्या हाती पानांचाच गुच्छ.

"अप्पा, ही पानं कुठली?" त्यांनी स्वागत समितीच्या रेवणसिद्ध अप्पांना विचारलं.

"मॅडम, लातूरला मानूस धाडला, नांदेडला धाडला. फूल म्हनून न्हाई. हिरवं काय ते तुमच्याच लॅबमागं हाय. आन् सत्कार बी तुमचाच की."

"कागदी हार चालला नसता?"

"तुमच्यासारख्या मानसाला कागदी? आमची काई इज्जत हाय का न्हाई?" अप्पांचा आदर अगदी खरा होता, त्यामुळे बाईंना धड रागावताही येईना. "बुडखं ठिवलेत, मॅडम. फुटतेल पानी पडल्यावर."

मंत्र्यांनी बाईंचं झाड बाईंनाच अर्पण केलं आणि याच पानांनी कर्करोग हरेल असं जाहीर केलं. बाई माईकवर सांगू लागल्या, "हे औषध नाही, अजून नुसतं बशीतल्या पेशींवर..." तोवर लोकांनी पानांसाठी कमान उतरवली होती. हातातला गुच्छ सांभाळायला त्यांनी अप्पांकडे दिला. परत आला तेव्हा त्यात दोरा तेवढा होता.

"मायच्या पोटात दुखायलंय," अप्पा खालमानेनं म्हणाले. गौसियाबाईंना तिथेच रडू आलं. छायाचित्रकाराने त्याला आनंदाश्रू म्हटलं.

पाऊस आला नाही आणि बुडखे फुटले नाहीत.

वनस्पतीचं नाव मुद्दामच दिलेलं नाही. ते तुम्ही पहिल्या परिच्छेदापासून शोधताय. चाचणीचं पुढे काय झालं, हे अजून कुणी विचारलेलं नाही.