तळेकर बाईंच्या पाठीला हात लावू नये

आमच्या इंद्रलोक भागातल्या बिल्डिंगमध्ये कोणी नवीन राहायला आलं, की वॉचमन त्यांना तीन गोष्टी सांगतो. पाणी सकाळी सहाला येतं, लिफ्टचं दार दोनदा ओढावं लागतं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या तळेकर बाईंना मागून हात लावायचा नाही. "पीछे से टच नहीं करने का. भागती है."

हे खरं आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. केबिन रोडच्या एका बँकेत बाई लाइनीत उभ्या होत्या, त्यांच्यामागे आमच्या विंगमधल्या मंजुलाबेन आणि त्यांच्यामागे मी. मंजुलाबेनना फॉर्म भरायला पेन हवं होतं. त्यांनी "बेन, पेन छे?" म्हणत बाईंच्या पाठीला बोट लावलं मात्र, बाई ज्या सुटल्या त्या थेट मॅनेजरच्या केबिनचं दार ढकलून आत. मॅनेजर बिचारा डबा खात होता. बाई तिथे भानावर आल्या, "सॉरी, दिशा चुकली," म्हणाल्या आणि परत येऊन लाइनीत उभ्या राहिल्या. मंजुलाबेन तेव्हापासून घरून पेन नेतात.

कारण साधं आहे. बाई पस्तीस वर्षं लालबागकडच्या एका शाळेत पी.टी. शिकवायच्या, आणि त्याच्याही आधी खो-खो खेळायच्या. खो-खोत पाठलाग करणारे गडी ओळीत उकिडवे बसलेले असतात. मागून पाठीवर हात पडला आणि "खो" ऐकू आला की उठून पळायचं, तोवर जागचं हलायचं नाही. "मी रिटायर झाले, सावंत," बाई मला म्हणतात. "पाठीला कोणी कळवलं नाही."

सावंत म्हणजे मी. पल्लवी सावंत, वय चौतीस, समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. बाई सगळ्यांना आडनावानेच हाक मारतात, हजेरी घेतल्यासारखी. माझ्या नवऱ्याचंही आडनाव सावंतच, त्यामुळे गोंधळ नको म्हणून त्याला त्या 'बदली खेळाडू' म्हणतात. तो बिचारा ओ देतो. सदुसष्ट वर्षांच्या बाई, अंगात गाऊन, गाऊनवर ओढणी आणि ओढणीवर शिट्टी. कचऱ्याची गाडी आली की एक शिट्टी, पाणी जायला लागलं की दोन. तीन शिट्ट्या म्हणजे कुणीतरी गॅलरीतून खाली काहीतरी टाकलं आणि बाईंनी ते बघितलं.

रस्त्यातून त्या सरळ कधी चालल्याच नाहीत. समोरून रिक्षा आली की डावीकडे जातोय असं दाखवायचं आणि उजवीकडून निसटायचं. "याला हुलकावणी म्हणतात. नुसतं बाजूला काय, बैलही होतो." केबिन रोडचे अर्धे रिक्षावाले त्यांना बघून आधीच ब्रेक दाबायचे.

पण दोन वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले. मग दोन जिन्यांमध्ये बसायची वेळ आली, मग काठी आली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोन्ही गुडघे बदलायचे, नाहीतर वर्षभरात घराबाहेर पडणं बंद. बाईंनी मान डोलावली, तारीख घेतली आणि डॉक्टरला हुलकावणी दिली. पहिल्या वेळी पितृपक्ष आडवा आला. दुसऱ्या वेळी भाचीचं लग्न निघालं. बाईंना भाची नाही, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या वेळी त्या हॉस्पिटलच्या काउंटरपर्यंत जाऊन परत आल्या. कारण विचारलं तर म्हणे, "डॉक्टरचा पवित्रा मला आवडला नाही." मी चिडले. मी चिडते तेव्हा आवाज चार मजले जातो. बाईंनी ओढणीने कान झाकला आणि दार लावून घेतलं.

आता माझं काम सांगते, हसायचं नाही. मी एका वेबसाइटसाठी व्हिडिओ गेम्सबद्दल लिहिते. सासूबाई पाहुण्यांना "ती कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगतात आणि विषय बदलतात. तर त्या महिन्यात एक नवा ऑनलाइन गेम आला होता. एक भलंमोठं काल्पनिक राज्य, त्यात जगभरातले हजारो लोक आपापलं पात्र घेऊन एकाच वेळी फिरतायत, गावात भेटतायत, टोळ्या करून राक्षस मारतायत. यात पत्त्यांसारखं आळीपाळीने खेळणं नाही. राक्षसाने गदा फिरवली की त्याच क्षणी आपल्या बोटांनी उडी मारायची, वार करायचा. संपादकांना त्याची 'पहिली ओळख' हवी होती. वर त्यांची फर्माइश, आयुष्यात कधी गेम न खेळलेल्या माणसाला बसवा आणि काय होतं ते लिहा.

नेमक्या बाई दुपारी चार वाजता विरजणाला वाटी घेऊन आल्या.

"बाई, बसा."

"गुडघे."

"खुर्चीवर बसा हो! हातात हे धरा." मी गेमचं बटणांचं यंत्र त्यांच्या हातात दिलं.

आधी पात्र निवडायचं होतं. पडद्यावर एकेक वीरांगना येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहत होती. बाईंनी चष्मा पुसला. "हिचा युनिफॉर्म कुठाय?" मी म्हटलं, हाच युनिफॉर्म. "आणि उंच टाचा? टाचा घालून राक्षसापुढे? काढ. अनवाणी कर." जादूगारणीला त्यांनी नापास केलं, कारण तिला खाली वाकता येईलसं दिसेना. शेवटी एक किडकिडीत तिरंदाज पास झाली. "पोटऱ्या बघ हिच्या. ही पळेल." नाव काय द्यायचं? लोक इथे काळसर्प, वज्रमुष्टी असली नावं घेतात. बाईंनी शाळेच्या पद्धतीने आडनाव आधी घातलं. तिरंदाजणीच्या डोक्यावर 'तळेकर म. वि.' अशी पाटी झळकायला लागली.

बटणं शिकायला त्यांना अर्धा तास लागला. पस्तीस मिनिटांनी आम्ही पहिल्या मोठ्या राक्षसासमोर उभ्या होतो. दगडी अंग, हातात झाडाचा बुंधा. मी ओरडले, "मारा!"

बाईंनी मारलं नाही. त्या पळाल्या. राक्षस डावीकडे झेपावला, बाई उजवीकडे. त्याने बुंधा आपटला, बाई त्याच्या बगलेखालून पार. एकदा तर तो उडी मारून पुढे जाऊन थांबला, आणि बाईंनी त्याच्यासमोर जाऊन डावा खांदा पाडला आणि उजवीकडून निघून गेल्या. तो राक्षस, काय सांगू, बावळट दिसायला लागला.

"अहो बाई, बाण मारा ना!"

"कशाला? त्याने धरलंय का मला?"

"तो मरेपर्यंत गेम पुढे जाणार नाही!"

"सावंत, मधे बोलू नकोस. किती झाली?"

"काय किती?"

"मिनिटं!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खो-खोचा डाव नऊ मिनिटांचा. तेवढा वेळ सापडलं नाही की आपण नाबाद. मी कपाळावर हात मारून घेतला, आणि मुकाट्याने फोनवर घड्याळ लावलं.

पाचव्या मिनिटाला आजूबाजूने जाणारे खेळाडू थांबायला लागले. सातव्याला चांगलं रिंगण झालं. चिलखतवाले, पंखवाले, घोड्यावरचे, सगळे आपापली कामं सोडून एका अनवाणी तिरंदाजणीकडे बघत उभे. कोपऱ्यात हिंदी-इंग्रजीत भराभर मजकूर येत होता. 'ये तलेकर कौन है बे?' असं एकाने लिहिलं.

"काय म्हणतायत?" बाईंनी नजर न हलवता विचारलं.

"शाब्बास म्हणतायत."

नवव्या मिनिटाला मी "टाइम!" म्हणाले. बाईंनी गळ्यातली शिट्टी जोरात फुंकली, हातातलं यंत्र टीपॉयवर ठेवलं आणि ओढणीने घाम पुसला. राक्षसाने शांतपणे बुंधा उचलला आणि तळेकर म. वि. यांना जमीनदोस्त केलं.

बाई उभ्याच राहिल्या. गुडघे विसरून! "चीटर! शिट्टीनंतर हात लावला! पंच कुठाय?"

पंच नव्हता. पण रिंगणातले सगळे टाळ्या वाजवत होते. या गेममध्ये एक बटण दाबलं की आपलं पात्र टाळ्या वाजवतं, आणि साठ-सत्तर जणांनी ते दाबलं होतं. बाई बघत राहिल्या. "टाळ्या वाजवतात गं ही पोरं," म्हणाल्या, आणि विरजणाची वाटी रिकामीच घेऊन घरी गेल्या.

माझ्या लेखात मी त्यांचे अभिप्राय जसेच्या तसे छापले. 'मैदान उत्तम, आखणी नाही. राक्षसाचा दम चांगला, बूड जड. पंचाची सोय करावी.' संपादक खूश झाले. मी माझा जुना लॅपटॉप बाईंना देऊन टाकला. रोज चार वाजता समोरच्या घरातून शिट्टी ऐकू यायची. राक्षस त्यांनी एकही मारला नाही, पण नवख्यांना निसटायचं कसं ते शिकवायला लागल्या. एका बोटाने टाइप करायच्या, 'गुडघ्यात वाक'. तिकडे ब्राझीलमधल्या कुणाला ते कितपत कळत असेल, देव जाणे.

मग एका मंगळवारी चार वाजले, साडेचार झाले, तरी शिट्टी नाही. त्या दिवशी सकाळी ऑपरेशनची चौथी तारीख होती. मीच डॉक्टरांच्या हातापाया पडून मिळवलेली, आणि बाई गेल्या नव्हत्या. मी तावातावाने गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई लॅपटॉपसमोर बसल्या होत्या, काठी भिंतीला, हात मांडीवर. पडद्यावर गावातला चौक, ही गर्दी. आणि विहिरीजवळ तळेकर म. वि. उकिडवी बसलेली, पाठ लोकांकडे, नजर समोर.

"गेम अडकलाय का?"

"नाही. बसलेय."

"केव्हापासून?"

"सव्वा तास झाला असेल."

"का?"

"खो नको का मिळायला?" बाई हसल्या, पण ते काही हसणं नव्हतं. "सावंत, खो-खोत पळणं सोपं. कठीण असतं बसणं. मागून कोण येतंय ते दिसत नाही. कोणीतरी येईल असं धरून समोर बघत बसायचं."

मी तिथल्या स्टुलावर बसले. टीपॉयवर हॉस्पिटलचा फॉर्म पडला होता. सगळा भरलेला, शाळेच्या बाईंच्या सुवाच्य अक्षरात. नाव, वय, रक्तगट. एकच रकाना कोरा होता. 'रुग्णासोबत कोण राहणार?'

पितृपक्ष नाही, भाची नाही, डॉक्टरचा पवित्रा नाही. चारही वेळा बाई त्या रकान्याशी अडल्या होत्या. आणि मी समोरच्या दारात उभी राहून चार मजले ऐकू जाईल असं त्यांना घाबरट म्हणाले होते. मला माझीच लाज वाटली. मी पेन घेतलं आणि रकान्यात माझं नाव लिहिलं.

बाईंनी वाकून वाचलं. "तू? तुला दूध उतू जाताना दिसत नाही."

"मग बदली खेळाडू आहे."

बाईंनी शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "नातं पण लिहावं लागतं पुढे."

मी 'शेजारी' लिहिलं. त्यांनी ते खोडलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं, नीट झालं. दुसऱ्या दिवशी मी घरून पेज घेऊन पोचले, तर वॉर्डात ही गडबड. फिजिओथेरपिस्ट, विशी-पंचविशीतली मुलगी, रडकुंडीला आलेली. "आंटी, उठो ना. डॉक्टरने बोला है, आज खडा होना ही है." बाई पलंगाच्या कडेला बसलेल्या. पाय जमिनीवर, दोन्ही हात वॉकरवर, नजर समोरच्या भिंतीवर. दोन नर्स, एक वॉर्डबॉय, सगळे समजावून थकले होते. बाई कुणाला उलट बोलत नव्हत्या आणि उठतही नव्हत्या.

मी पेजेचा डबा खाली ठेवला. पलंगाला वळसा घालून त्यांच्या मागे गेले. फिजिओ म्हणाली, "मॅडम, पीछे से नहीं, सामने आके सपोर्ट दो." मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. हॉस्पिटलच्या हिरव्या झग्यातून बाईंच्या पाठीचे मणके दिसत होते. इतक्या बारीक आहेत त्या, हे मला कधी कळलंच नव्हतं. मी तळहात त्यांच्या पाठीवर टेकवला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले,

"खो!"

बाई उठल्या. दात आवळले, वॉकर खडखडला, तोंडातून "आई गं" निघालं, पण उठल्या, ताठ. वॉर्डबॉयने टाळ्या वाजवल्या. फिजिओ माझ्याकडे बघून "ये क्या बोला आपने?" विचारत राहिली.

"फाउल," बाई समोर बघतच म्हणाल्या. "हात आधी लागला, खो मागून आला. दोन्ही एकदम हवं."

"बरं," मी डोळे पुसत म्हटलं आणि हात काढून घ्यायला गेले.

"सावंत."

"काय बाई?"

"हात राहू दे जरा."