मान सुटली, मान गेला!

तुम्ही आत्ता हे पोक काढून वाचताय. नाही म्हणू नका, मला इथून दिसतंय! मीही तसाच होतो. आता माझी मान मोकळी आहे, कणा सरळ आहे, आणि त्यापायी माझं जे वाटोळं झालं त्याला मी सोडून बाकी सगळे जबाबदार आहेत!

आमचं ऑफिस पाण्याचे पंप विकतं आणि दुरुस्त करून देतं. दुरुस्ती खात्याचे प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. खुर्ची म्हणजे खरीखुरी खुर्ची! गोल फिरणारी, डोक्यापर्यंत पाठ असलेली, कोपरं टेकायला मऊ हात. मी इतकी वर्षं आखूड पायाच्या खुर्चीखाली कागदाची घडी सरकवून बसतोय. ती खुर्ची माझीच होती!

"त्या खुर्चीत बसायचंय?" बायको म्हणाली. "आधी बसायला शिका! बघावं तेव्हा वाकलेले. पडलेली सुई शोधताय असं वाटतं."

म्हणून मी शरीराचं भान शिकवणाऱ्या एका वर्गात नाव घातलं. तिथल्या बाई सडपातळ, ताठ आणि संताप येईल इतक्या शांत. पहिल्या दिवशी त्यांनी मला फक्त खुर्चीवरून उठायला सांगितलं. मी उठलो.

"चूक!"

"अहो बाई, जन्मभर उठतोय मी!"

"जन्मभर चुकताय. उठावंसं वाटलं की आधी थांबा. मान मोकळी सोडा. मग उठायचं की नाही ते ठरवा. सवयीने काहीही करायचं नाही."

मला हे एकदम पटलं. मी जिथे तिथे थांबू लागलो.

त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. जेवताना म्हणाल्या, "जावईबापू, राहू ना मी अजून चार दिवस?"

मला 'हो'च म्हणायचं होतं! पण सवयीने कशाला? मी थांबलो. डोळे मिटले. मान सोडली. खांदे रुंद होऊ दिले. डोळे उघडले तर पानावर सासूबाई नव्हत्या. आतल्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. बायको पुढे दोन दिवस माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली.

ऑफिसात त्याहून वाईट. माझ्या शेजारच्या टेबलावर ढापण्या बसतो. जाड चष्मा आणि साहेबांनी तोंड उघडायच्या आत डोलणारी मान, एवढंच त्याचं भांडवल.

"काय रे," तो म्हणाला, "मान वर करून चालतोस हल्ली! दुसरीकडे नोकरी लागली की काय?"

काय मूर्ख प्रश्न! मी उत्तर देण्याआधी थांबलो. तेवढ्यात त्याने स्वतःच उत्तर काढलं आणि चहाच्या वेळेपर्यंत मजलाभर वाटूनही आला!

दुपारी साहेब आले. सगळे ताडकन उठले, सवयीने! मी मात्र पाठ पुढे झुकवून, बूड अर्धवट उचलून, नीट थांबलो.

साहेब माझ्यापुढे उभे राहिले. "काय हो? उठायचं की नाही, ठरवताय?"

"हो, साहेब. तेच ठरवतोय."

मला सांगा, यात खोटं काय होतं? पण ढापण्या फिसकन हसला आणि साहेबांचे कान लाल झाले.

"एवढा ताठा?"

"साहेब, हा ताठा नाही. हा कणा आहे!"

"म्हणजे आम्हाला कणा नाही?"

या प्रश्नावर थांबायला नको होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी थांबलो.

साहेबांनी मोठा श्वास घेतला. माणूस तसा वाईट नाही. "हे बघा, तुमची नोकरी जुनी म्हणून एकदाच विचारतो. दुरुस्ती खातं सांभाळाल का?"

हो! हो! हो! माझा रोम न् रोम हो म्हणत होता. पण इतक्या मोठ्या गोष्टीला सवयीने हो म्हणायचं? मी मान मोकळी सोडली, कण्याला जागा दिली, पावलांखालची जमीन जाणवून घेतली आणि खणखणीत म्हणालो, "हो!"

साहेब ढापण्याच्या टेबलापाशी पोचले होते. त्याला अजून काही विचारलंही नव्हतं आणि त्याची मान डोलत होती!

खुर्ची ढापण्याला. मला सामान जमा करून घेण्याची खिडकी. "तुम्हाला ताठ उभं राहायची हौस आहे ना?" साहेब म्हणाले. त्या खिडकीत लोकांचे गळके पंप ठेवतात, माणसाला टेकायलाही जागा नाही. दिवसभर उभ्याने पावत्या फाडायच्या, आणि काचेतून समोर ढापण्या गोल गोल फिरताना बघायचा!

पहिल्याच संध्याकाळी मी तडक वर्गात गेलो. आज बाईंना सोडणार नव्हतो.

"मान सोडा म्हणालात, सोडली! पण मान सुटली आणि ऑफिसातला माझा मान गेला, घरातलाही गेला! याला जबाबदार कोण? बोला!"

बाई थांबल्या. मान मोकळी सोडली. खांदे रुंद होऊ दिले. मी दात-ओठ खात उभा!

"आधी बसा," त्या शेवटी म्हणाल्या.

मी धपकन बसलो.

"चूक! थांबला नाहीत!"

कसला थांबतोय, बाई! सकाळपासून पहिली रिकामी खुर्ची दिसली होती!