आ करा, गुरुजी

आमच्या मूल गावचे गुणाभाऊ कुणाला रामराम करत नसत. समोरच्याची खालची पापणी ओढून बघत आणि म्हणत, "आ करा." मी शाळेत मास्तर, म्हणून मला, "आ करा, गुरुजी." ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्यांचा जन्म गेला, माणसाची तपासणी निराळी असते, हे त्यांना कधी पटलंच नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्याही हिरड्या त्यांनी भर बाजारात पाहिल्या. वर ठरलेलं वाक्य होतंच. "जनावर खोटं बोलत नाई. बोलते तो मानूस."

घरी एकटे. भात मात्र दोघांचा रांधत आणि उरलेला गल्लीतल्या गाईला घालत.

त्या वर्षी पोळ्याआधी जवळच्या खेड्यात फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, आली. या रोगात सकाळी चरणारा बैल दुपारी आडवा होतो, नाकातोंडातून काळं रक्त येतं. मेल्या ढोराला हात लावू नका, कातडं सोलू नका, चुना टाकून खोल पुरा, असं गुणाभाऊ घसा बसेस्तोवर सांगत फिरले.

आठवड्यानं त्यांच्याच मनगटावर मला काळी खपली दिसली, भोवती सूज. म्हणे काटा रुतला, दुखत तर नाहीच. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा मी त्यांना जबरदस्तीनं चांद्याच्या मोटारीत बसवलं. तिथल्या डॉक्टरांनी बघताच फाशी ओळखली. आणखी उशीर केला असता तर माणूस हाती लागला नसता, म्हणाले. मी भयंकर चिडलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पेनिसिलिनच्या सुया सुरू झाल्या, मी खाटेशीच राहिलो. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि माझा जीव भांड्यात पडला. मग मी त्यांना खडसावून विचारलं.

बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी सांगितलं. सरूबाई नावाच्या म्हातारीचा बैल गेला होता. दर पोळ्याला ती स्वतःच्या हातानं त्याचं तोंड धुवायची. रक्तानं माखल्या तोंडानं त्याला खड्ड्यात जाऊ देईना. पदर ओला करून पुढं सरली. गुणाभाऊंनी तिला मागं ओढलं आणि ते तोंड स्वतः धुतलं, उघड्या हातांनी.

"तिले नातवंडं आहेत, गुरुजी," ते म्हणाले. "मले कोन आहे?"

माझे डोळे भरून आले. मी खाटेजवळ सरकलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, आ केला.

त्यांनी सवयीनं पापणी ओढली, हिरड्या नीट पाहिल्या.

"चार दिवस जेवला नाई तुमी," म्हणाले.

खरंच नव्हतो जेवलो.