अक्षतांचं विमान

मुक्ताबाईंचं अंजिरी पातळ दोरीवरून नाहीसं झालं, तेव्हा त्यांनी आधी वाऱ्यावर, मग शेजारणीवर आणि शेवटी नवऱ्यावर संशय घेतला. नवरा, म्हणजे आसाराम, पडवीत बसून बांबूच्या एका लांबलचक सांगाड्यावर तेच पातळ ताणून सरसानं चिकटवत होता.

"अवं, हे माझं पातळ न्हवं का?"

"होतं," आसाराम मान वर न करता म्हणाला. "आता डावा पंख आहे."

"आन उजवा?"

"तेच विचारणार होतो. ते मोरपंखी तू फारसं नेसत नाहीस ना?"

आसाराम हवाईदलात वायरलेस दुरुस्तीला होता. नोकरी संपवून तो नेवाशात परतला आणि त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं. इतकी वर्षं विमानांच्या सहवासात काढूनही त्याला ती फक्त खालून बघायला मिळाली होती. त्याची भरपाई म्हणून एकाहत्तर साली त्यानं स्वतःचं विमान बांधायला काढलं. माणूस बसेल असं नव्हे. आपण जमिनीवर उभं राहायचं, हातात बटणांचं खोकं धरायचं आणि विमानानं वर आकाशात बिनतारी हुकूम पाळायचा. पंख एवढे मोठे झाले की पडवीतून घरात जायला मुक्ताबाईंना वाकावं लागे. चाकं जुन्या बाबागाडीची होती. पुढचा पंखा सुतारानं सागवानाचा तासून दिला. अडलं होतं ते इंजिनावर.

इंजिन होतं मुक्ताबाईंच्या भावाकडे. आबासाहेबांची नदीकाठच्या गावात मोसंबीची बाग होती आणि औषध फवारायला पाठीवर घ्यायचं, पेट्रोलवर चालणारं यंत्र होतं. त्यातलं इंजिन मागायला आसाराम गेला, तेव्हा आबासाहेब लेकीच्या लग्नाच्या काळजीत बसले होते.

"दाजी, न्या इंजिन," ते म्हणाले. "पर माझ्या कलाच्या लग्नात इमान उडलं पायजे. आमचे इवाई उत्तमराव पडले संगमनेरकडचे. बँड म्हनू नका, घोडा म्हनू नका, त्यांचं सगळं बघून झालंय. नवरानवरीवर इमानातून अक्षता पडल्या, तर मानूस आयुष्यभर गप बसंल."

इंजिन बसलं. पडीक रानात चाचणी झाली. विमान धावलं, उचललं, बटण दाबताच वळलं आणि शहाण्या बैलासारखं परत येऊन उभं राहिलं. नवऱ्याला चार शब्द सुनावायला आलेल्या मुक्ताबाई आ वासून बघत राहिल्या. मग पाण्याला निघालेल्या बायकांना हाका मारून म्हणाल्या, "बघा गं, माझं पातळ उडतंय!"

लग्नाच्या दिवशी सकाळचा मुहूर्त होता. विमानाच्या पोटाखाली झाकणाची टोपली बांधून तिच्यात अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या भरल्या. बटण दाबलं की झाकण उघडणार होतं. दोनचार फेऱ्यांपुरतंच पेट्रोल टाकीत ओतून आसाराम कपडे बदलायला गेला. तेवढ्यात आबासाहेब तिथून चालले होते. त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. तळ दिसत होता.

"पाव्हण्याला अर्ध्या पोटी धाडायची आपली रीत न्हाई," असं म्हणून त्यांनी टाकी काठोकाठ भरली.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात विमान घोंघावत मांडवावरून गेलं आणि सगळं वऱ्हाड बाहेर धावलं. नवरीनंसुद्धा अंतरपाट बाजूला सारून वर पाहिलं. आसारामनं विमान वळवलं, पुन्हा वळवलं. टाळ्या पडल्या. इतक्यात रेशमी फेटा सावरत उत्तमराव पुढे आले.

"पाव्हणं, आना ते खोकं हिकडं. नवऱ्याचा बाप हाय मी. अक्षतांचं बटन मी दाबनार."

"अहो, थांबा, जवळ येऊ द्या त्याला."

"आक्ख्या संगमनेरात सांगून आलोय मी!"

ओढाओढीत खोक्याची लांब एरियल मांडवाच्या झालरीत अडकली आणि काडकन मोडली. खोक्यावर बोटभर तुकडा उरला. विमानाला हुकूम मिळेना. मग ते गोल गोल फिरत, वाऱ्याबरोबर नदीकडे सरकू लागलं.

"आता वं?" उत्तमरावांचा आवाज उतरला.

"आता ते अगदी डोक्यावर असेल तरच ऐकेल. पण काळजी नको, पेट्रोल थोडंच आहे. आत्ता उतरेल."

आबासाहेब खाकरले. "दाजी, टाकी मी भरली."

"किती?"

"गळ्यापतूर."

उत्तमरावांनी फेटा घट्ट बसवला आणि आपल्या फटफटीला लाथ मारली. "बसा मागं! अक्षता पडतील तर वरूनच पडतील. आमी येईस्तवर लगीन लावायचं न्हाई, सांगून ठिवतो!"

वराचा बाप हँडलवर, मागं खोकं कवटाळून आसाराम आणि वर मोकाट विमान अशी ही वरात धूळ उडवत निघाली. विमान वळलं की फटफटी वळे. ती कोणाच्या खळ्यातून गेली, कोणाच्या कोंबड्यांतून गेली आणि शेवटी नदीच्या वाळूत येऊन रुतली.

तिथे घाटावर सहादेव नावाच्या शेतकऱ्याच्या वडिलांचा दहावा चालला होता. पिंड कधीचा मांडून ठेवला होता, पण कावळा शिवत नव्हता. मुंडन केलेला सहादेव हात जोडून आकाशाकडे बघत विनवत होता, "दादा, बांधाचं भांडण मिटवतो. धाकट्याला अंतर देत न्हाई. आता तरी शिवा." अखेर एक कावळा उड्या मारत पिंडाजवळ आला. चोच पुढे केली. आणि तेवढ्यात डोक्यावर घर्रर्र झालं. तो कावळा उडाला आणि त्याच्याबरोबर काठच्या झाडांवरचे सगळेच कावळे उडाले.

"कुनाचं रं हे?" मंडळी खवळली. "हाना त्याला!"

वाळूतून धापा टाकत आलेल्या आसारामनं घाबरून खोक्यावरची सगळी बटणं एकदम दाबली. विमान बरोबर डोक्यावर होतं. त्यानं हुकूम ऐकला. टोपलीचं झाकण उघडलं आणि घाटावर, पिंडावर, उत्तमरावांच्या फेट्यावर अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्यांचा पाऊस पडला. मग आबासाहेबांचं पेट्रोलही संपलं. विमान मुकाट्यानं तरंगत खाली आलं, वाळूत घसरलं आणि पंख मोडून पडलं.

मग तांदूळ बघून पहिला कावळा आला, दुसरा आला, आणि बघता बघता पळालेले सगळे परतले. वाळूतले दाणे टिपता टिपता एक जण सरळ पिंडावर चढला.

"शिवला! शिवला!"

सहादेव खाली बसला आणि घळाघळा रडू लागला. "दादा औत हाकताना इमान दिसलं की बैल थांबवायचे," तो आसारामला म्हणाला. "पार दिसंनासं हुईस्तवर बघत ऱ्हायचे. म्हनायचे, एकडाव जवळून बघाया पायजे. तुमी पाठवलंत म्हनूनच जीव सुटला त्यांचा." विमान मोडल्याचं आसारामला वाईटच वाटेना.

उत्तमरावांनी आपला रेशमी फेटा सोडून मोडके पंख त्यानं आवळून बांधले. सहादेव आणि त्याच्या तीन भाऊबंदांनी विमान खांद्यावर घेतलं. आसाराम आणि उत्तमराव वाळूत रुतलेली फटफटी ढकलत मागून निघाले.

इकडे मांडवात पंगत बसली होती. शिवारातून काहीतरी येताना सगळ्यांत आधी आबासाहेबांना दिसलं. मुंडन केलेली चार माणसं, खांद्यावर कापडात गुंडाळलेलं लांबलचक काही, आणि त्यावर उत्तमरावांचा फेटा. आबासाहेबांच्या हातातली बुंदीची परात पडली.

"आरं देवा, इवाई गेलं!"

उत्तमरावांच्या पत्नी रतनबाई पानावरून उठल्या आणि त्यांनी जो हंबरडा फोडला, त्यानं सनईवाला गप्प झाला. वऱ्हाडातल्या बायकांनी सूर धरला. कधी कोणाशी धड न बोललेले चुलतेसुद्धा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले. "लई मोठा मानूस," "असा इवाई न्हाई मिळायचा," असं चहूकडून ऐकू येऊ लागलं. तोच मागून अखेर सुरू झालेल्या फटफटीचा फट्फट् फट्फट् आवाज आला आणि केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकलेले उत्तमराव मांडवाच्या दारात उभे राहिले.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

रतनबाई रडता रडता हसल्या आणि हसता हसता चिडल्या. "कुठं मरायला गेल्ता?"

मग उत्तमरावांचं लक्ष पंगतीकडे गेलं. नवरानवरी शेजारी शेजारी बसून जेवत होती. "लगीन लागलं? माझ्याबगर?"

आता स्फोट होणार म्हणून आबासाहेबांनी डोळे मिटून घेतले. मुक्ताबाईच पदर खोचून पुढे झाल्या. "मुहूर्त थांबंना, इवाई. बायकांनी हातानं टाकल्या अक्षता. तुमी न्हवता म्हनून येळेवर तरी लागलं."

उत्तमरावांनी सगळीकडे नजर फिरवली. रडून लाल झालेले ते सगळे डोळे केवळ त्यांच्यासाठी लाल झाले होते. इतका मान त्यांना कुठल्याच लग्नात मिळाला नव्हता. त्यांचा चेहरा हळूहळू फुलला. केसांतली एक पाकळी काढून त्यांनी सगळ्यांना दाखवली.

"तुमा सगळ्यांवर हाताच्या पडल्या," ते म्हणाले. "इमानातल्या पडल्या त्या एकट्या माझ्यावर!" आणि पानावर बसून त्यांनी ती हकिकत जी सुरू केली, ती बुंदी संपली तरी संपली नाही.

सहादेव सुतकातला, म्हणून मांडवाबाहेरच लिंबाखाली उभा होता. त्यानं आसारामला खुणेनं बोलावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पाव्हणं, वरीसश्राद्धाला मोकळे हायसा का?"

"तिथी कळवा," आसाराम म्हणाला.