भिंतीअलीकडचं कुत्रं

दगडूतात्या टीव्ही आवाज बंद करून बघतात. बातम्या नाहीत, कीर्तन नाही, फक्त साडेपाचचं एक कार्टून. त्यात एक जाडं कुत्रं आणि एक मरतुकडं मांजर एकाच घरात राहतात आणि सारखी एकमेकांच्या जिवावर उठतात. त्यांचं हिंदी तात्यांना पटत नाही. "ते भांडण न्हाय, भाषण हाय," म्हणत ते आवाज शून्यावर आणतात आणि दोघांचंही स्वतःच बोलतात. मोठ्यानं.

बावड्यात मी त्यांच्या समोरच राहतो. त्यामुळे प्रेक्षक म्हणून माझी नेमणूक झालेली आहे, मला न विचारता.

एरवी हा माणूस दोन मिनिटं एका जागी टिकत नाही. सत्तरी उलटली तरी चहा उभ्यानं आणि पेपर चालता चालता. माझ्याकडे आले की आधी खुर्च्या सरळ करतात, मग कॅलेंडर, मग मला. "बसून माणूस कुजतो," हे रोजचं. फक्त साडेपाचला बूड टेकतात, तेही घराच्या मधल्या भिंतीला पाठ लावून.

एकदा ती कुत्रं-मांजर छत्री घेऊन विहिरीत पडली आणि थेट पृथ्वीच्या पलीकडे बर्फात निघाली. मी हसलो. तात्या कुत्र्याच्या आवाजात गंभीरपणे म्हणाले, "एवढं खाली गेलो, पर पाणी कुठं लागलं न्हाय."

कुत्र्याचा आवाज तात्यांचाच. मांजर मात्र नाकातून, चिरकं बोलतं आणि दर वाक्याला "दादा, तुला कळत न्हाय" म्हणतं. हा आवाज कुणाचा, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. तात्यांचे धाकटे भाऊ सोपानराव त्याच भिंतीपलीकडे राहायचे. पत्र्याखालच्या फटीतून इकडचा शब्द न् शब्द तिकडे जायचा.

विहीर दोघांत एक, मोटार एक. कुणी कुणाची पाण्याची पाळी अर्धा तास खाल्ली, यावरून अकरा वर्षं बोलणं बंद. पाळी संपली की आपला टॉवेल स्टार्टरच्या पेटीला बांधायचा. तो बघून दुसऱ्यानं मोटार लावायची. तात्यांचा लाल, सोपानरावांचा पांढरा. फोन का करत नाही, असं मी एकदा विचारलं. तात्या म्हणाले, "मग बोलावं लागतंय की."

गेल्या महिन्यात सोपानरावांच्या मुलानं लोणी देवकरला कारखान्याजवळ खोली घेतली आणि बापाला न्यायचं ठरवलं. रान वाट्यानं द्यायचं झालं. तात्यांना हे कुणी सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात त्यांनी स्टार्टरच्या पेटीला तीनदा तेल घातलं आणि माझं अंगण झाडून काढलं. साडेपाचला कुत्रं बोलायचं, मांजर नुसतं तोंड उघडायचं. मी विचारलं तर म्हणाले, "घसा बसलाय त्याचा."

निघायच्या आदल्या दिवशी पडद्यावर मांजर गाठोडं बांधून सायकलवर चंद्राकडे निघालं होतं. कुत्रं दारात बसून पाव खात होतं. तात्या वळले आणि भिंतीकडं तोंड करून कुत्र्याच्या आवाजात म्हणाले, "मांजरा, तू गेल्यावर स्टार्टरवर टॉवेल कुणाचा बघू मी?"

मला पुढं बघवेना. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, तीही मुकी.

मग फटीतून आवाज आला. नाकातून, चिरका. "दादा, तुला कळत न्हाय. माझा आवाज एवढा चिरका न्हाय."

तात्यांनी डोळे पुसले. "चहा टाकतो. ये हिकडं," म्हणाले. सोपानराव आले. दोघांनी चहा घेतला आणि मी पहिल्यांदा तात्यांना बसून चहा पिताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सोपानराव गेलेच. त्यांचा पांढरा टॉवेल स्टार्टरवर तसाच आहे. मळला की तात्या धुऊन पुन्हा बांधतात.

साडेपाचला आता तात्या फोन स्पीकरवर टाकून भिंतीला टेकवतात. कुत्रं इथून बोलतं, मांजर लोणी देवकरहून. अकरा वर्षांपूर्वीचा तो अर्धा तास कुणी खाल्ला, यावर रोज कडाक्याचं भांडण होतं. टीव्ही बहुतेक वेळा लावायचा राहूनच जातो.